गार वुड आणि नदीकाठची गर्दी

आमच्या शाळेसमोरच्या रस्त्यावरून रात्री दहानंतर डंपर सुरू होतात. एनसीआरमध्ये राहणाऱ्या कुणालाही हा आवाज नवा नाही; जिकडे बघावे तिकडे टॉवर उठत आहेत. डंपर रिकामा होताना मी अनेकदा पाहिला आहे. चालक एक दांडा ओढतो, मागची पेटी हळूहळू तिरपी होते आणि सगळी खडी एका दमात खाली येते. तेलाच्या दाबावर पेटी उचलणारी ही यंत्रणा १९११ च्या सुमारास अमेरिकेत ज्याने बनवली, त्याचे नाव गार वुड. पण मला तो भेटला लायब्ररीत, पॉवरबोटींच्या शर्यतींबद्दल वाचताना.

पॉवरबोटी मी एकदाच पाहिल्या आहेत. मार्च २०१७ मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर समुद्रात शर्यती झाल्या, तेव्हा मी बाबांच्या खांद्यावर बसून त्या पाहिल्या. पहिल्या पाच मिनिटांत मी आनंदाने ओरडत होतो. मग सगळ्या बोटी सारख्याच दिसू लागल्या. पाण्याचा पांढरा फवारा आणि आवाज, एवढेच. पुढे कोण, मागे कोण, काही कळेना. अर्ध्या तासाने मी समुद्राकडे पाठ करून शेंगदाणे खात होतो. मी तेव्हा लहान होतो हे खरे, पण हा प्रश्न डोक्यात राहिला. धावपटूचा चेहरा दिसतो, घोड्याचा रंग दिसतो. लांब पाण्यातल्या बोटीसाठी माणसांनी तासन् तास काठावर का बसावे?

गार वुडने या प्रश्नाचे उत्तर शोधले होते. पुढे एकदा ते त्याच्यावर उलटलेही.

त्याचा जन्म ४ डिसेंबर १८८० चा, आयोवा राज्यातल्या मेपलटनचा. त्याआधी महिनाभर गारफील्ड अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आणि आर्थर उपाध्यक्ष म्हणून निवडून आले होते, म्हणून मुलाचे नाव ठेवले गारफील्ड आर्थर वुड. वडील मिनेसोटातल्या ओसाकिस तलावावर प्रवासी बोट चालवत. एकदा दुसऱ्या बोटीशी शर्यत लागली, जळण कमी पडले, तेव्हा वडिलांनी बोटीतले लाकडी सामान तोडून बॉयलरमध्ये घातले आणि जिंकले, असे सांगतात. मुलगा तेव्हा बोटीवरच होता. पुढचे सगळे तिथूनच आले असावे असे मला वाटते.

डंपरच्या यंत्रणेने त्याला श्रीमंत केले. डेट्रॉइट म्हणजे मोटारींचे शहर, तिथे त्याचा कारखाना उभा राहिला. १९१६ मध्ये त्याने मिस डेट्रॉइट नावाची शर्यतीची बोट विकत घेतली. ही बोट शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून बांधवली होती, पण पैसे पुरते फिटले नव्हते. बोट बांधणारा ख्रिस स्मिथही मग वुडसाठी काम करू लागला. पहिल्या महायुद्धानंतर विमानांची लिबर्टी इंजिने स्वस्तात मिळू लागली. वुडने ती घेऊन बोटींत बसवली.

आता गंमत पाहा. अमेरिकेत गोल्ड कप ही पॉवरबोटींची सर्वांत मानाची शर्यत. १९१७ ते १९२१ अशी पाच वर्षे ती लागोपाठ वुडनेच जिंकली. त्याच्यासारखी इंजिने परवडणारा दुसरा कुणी नव्हता, मग त्याच्याशी कोण लढणार? निकाल आधीच ठाऊक असलेली शर्यत कोण बघणार? शेवटी आयोजकांनी १९२२ पासून नियमच बदलला आणि इंजिनाच्या आकारावर मर्यादा घातली. वुडच्या राक्षसी बोटी आपोआप बाहेर पडल्या. आमच्या हाऊसच्या रस्सीखेच संघाला कुणी असे बाहेर काढले असते तर आम्ही गोंधळ घातला असता. तरीही आयोजकांचे मला पटते.

वुडने मोर्चा दुसरीकडे वळवला. ब्रिटनमधले वर्तमानपत्रांचे मालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी १९०३ मध्ये एक करंडक सुरू केला होता. ही लढत देशादेशांतली, आणि बोट त्या त्या देशातच बनलेली हवी. १९२० मध्ये वुडने इंग्लंडला जाऊन हा करंडक जिंकला आणि अमेरिकेत आणला. त्याच्या बोटींची नावे आता मिस अमेरिका अशी, पुढे क्रमांक. काठावरच्या माणसाला इंजिनातले काही कळो न कळो, आपला देश कोणता ते कळत होते.

बोटीचा वेग लोकांना नीट कळावा म्हणून त्याने आणखी एक युक्ती काढली. तो आगगाडीशी शर्यत लावू लागला. १९२१ मध्ये मायामी ते न्यूयॉर्क हे सुमारे १,२५० मैलांचे अंतर त्याच्या बोटीने समुद्रमार्गे ४७ तास १५ मिनिटांत कापले आणि हवाना स्पेशल या गाडीला काही मिनिटांनी हरवले. दिल्ली-मुंबई राजधानी जेवढी धावते त्याच्या जवळजवळ दीडपट हे अंतर. १९२५ मध्ये हडसन नदीत ऑल्बनी ते न्यूयॉर्क अशी दुसऱ्या एका प्रसिद्ध गाडीशी लढत झाली, तीही त्याने जिंकली. ताशी इतके मैल म्हटले तर डोळ्यांसमोर काही येत नाही. बोट गाडीच्या आधी पोहोचली म्हटले की लगेच येते. बोटीत तो दोन खेळण्यातली अस्वलेही शुभ म्हणून सोबत ठेवायचा. वर्तमानपत्रांना असे तपशील हवेच असतात.

तरी खरी गर्दी जमली ती तुल्यबळ प्रतिस्पर्धी आल्यावर. मॅरियन कारस्टेअर्स ही ब्रिटिश महिला १९२८ पासून सलग तीन वर्षे त्याच्याशी लढली आणि हरली. १९२९ मध्ये हेन्री सीग्रेव्हने मायामीत वुडला हरवले. पुढच्याच वर्षी विंडरमियर तलावावर पाण्यावरच्या वेगाचा विक्रम करताना सीग्रेव्हची बोट उलटली आणि तो मरण पावला. ती बोट, मिस इंग्लंड दुसरी, तळातून काढून दुरुस्त केली आणि के डॉन नावाच्या चालकाकडे दिली. मार्च १९३१ मध्ये वुड पाण्यावर ताशी १०० मैल ओलांडणारा पहिला माणूस ठरला. थोड्याच दिवसांत डॉनने तो विक्रम मोडला. दोघे डेट्रॉइट नदीवर समोरासमोर येणार हे ठरले, तेव्हा लोकांना आमंत्रणाची गरज उरली नाही.

सप्टेंबर १९३१. नदीच्या एका काठावर अमेरिका, दुसऱ्या काठावर कॅनडा, आणि दोन्हीकडे मिळून काही लाख माणसे. काहींच्या अंदाजाने पाच लाख. पहिली फेरी डॉनने जिंकली. वुडच्या मिस अमेरिका नववीला मार बसला होता. रात्रभर दुरुस्ती चालली. दुसऱ्या दिवशी वुडने थोडा वेळ वाढवून मागितला, तो मिळाला नाही. नाव गार असले तरी माणूस गार नव्हता.

या शर्यतीत बोटी उभ्या राहून निघत नसत. घड्याळ शून्यावर येताना वेगात येऊन रेषा ओलांडायची. पाच सेकंदांहून जास्त आधी ओलांडली तर बाद. वुडने रेषा फार लवकर ओलांडली. त्याच्या पाठोपाठ डॉननेही. दोघे बाद झाले. पुढे वळणावर डॉनची बोट उलटली. तो आणि त्याचे मेकॅनिक वाचले. मागून वुडचा भाऊ जॉर्ज मिस अमेरिका आठवीत बसून नियमाप्रमाणे आला होता. त्याने एकट्याने सावकाश चकरा पूर्ण केल्या आणि करंडक अमेरिकेतच राहिला.

गर्दी खूश झाली असेल असे मला वाटले होते. उलट झाले. आपलाच देश जिंकलेला असूनही अनेक अमेरिकन प्रेक्षक चिडले. वुडने डॉनला मुद्दाम फसवून रेषेपलीकडे ओढले, असा आरोप झाला आणि दोन्ही देशांतल्या वर्तमानपत्रांत वाद पेटला. आमच्या डॉर्ममध्ये मी ही गोष्ट सांगितली तेव्हा तिथेही दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे, डॉनने घड्याळ स्वतः का पाहिले नाही? दुसऱ्याची चूक ही आपली चूक नव्हे. मी दुसऱ्या तटात होतो. एवढी माणसे एक शर्यत बघायला आली होती आणि त्यांना शर्यतच मिळाली नाही, मग नियम कुणीही पाळलेला असो. लाइट्स आऊट झाल्यावरही कुजबुज चालू होती. निकाल लागला नाही.

१९३२ मध्ये वुडने डॉनला सरळ हरवले. त्याच वर्षी चार पॅकार्ड इंजिनांच्या मिस अमेरिका दहावीतून त्याने ताशी १२४.८६ मैल, म्हणजे २०० किलोमीटरच्या वर वेग गाठला. १९३३ मध्ये ह्युबर्ट स्कॉट-पेनला हरवून तो शर्यतींतून निवृत्त झाला. मग हार्म्सवर्थ करंडकाची लढत १९४९ पर्यंत झालीच नाही. मधे महायुद्ध आले हे एक कारण, पण युद्ध सुरू होण्याआधीची सहा वर्षेही कोरडीच गेली. तेवढा खर्च करून उतरणारे दोघे मिळेनात.

कॅडेट म्हणून मला सर्वांत आवडलेली गोष्ट मात्र यानंतरची आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या पीटी म्हणजे टॉर्पेडो बोटी पॅसिफिकमध्ये जपानी जहाजांवर रात्री चाल करून जात. त्यांच्यात पॅकार्डची इंजिने होती, वुडने शर्यतींत वापरली त्याच कंपनीची. आणि त्यांतल्या एका मोठ्या मालिकेचा पाया असलेली पीटी-९ ही बोट स्कॉट-पेनच्या आराखड्यावरची होती. १९३३ मध्ये जो हरला, त्याच्या.

गार वुड जून १९७१ मध्ये वारला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी. मी हे लिहीत असताना बाहेर एक डंपर रिव्हर्समध्ये भोंगा वाजवतो आहे.