बर्लिनचा कर्णधार

सैनिकाच्या घरी मुलांचे बालपण एका गावी क्वचितच जाते. अलाहाबाद येथे २९ ऑगस्ट १९०५ रोजी जन्मलेल्या ध्यानसिंगाचेही तसेच झाले. त्याचे वडील समेश्वरसिंग सैन्यात नोकरीस होते. पलटण हलली की बिऱ्हाडही हलावयाचे. अखेर हे कुटुंब झाशी येथे स्थिरावले. परंतु या भटकंतीत ध्यानसिंगाचे शालेय शिक्षण सहा वर्षांपलीकडे जाऊ शकले नाही. लहानपणी त्याला कुस्तीची गोडी होती, हॉकीची मुळीच नव्हती. हाच मुलगा पुढे हॉकीच्या खेळात जगद्विख्यात झाला.

१९२२ साली तो साधा शिपाई म्हणून सैन्यात दाखल झाला. पलटणीतील सुभेदार-मेजर बाले तिवारी हे हॉकीचे मोठे शौकीन होते. त्यांनी या तरुणाच्या हाती हॉकीची काठी दिली आणि खेळाचे पहिले धडेही दिले. दिवसभर शिपायाची कामे असत. ती आटोपली की ध्यानसिंग चांदण्या रात्री एकटाच मैदानावर सराव करी. म्हणून सोबती त्याला ‘चंद’ म्हणू लागले आणि ध्यानसिंगाचा ध्यानचंद झाला, असे सांगतात. या परिश्रमाने चेंडूवर त्याचे असे प्रभुत्व जडले की, तो काठीला चिकटूनच धावतो असे पाहणाऱ्यास वाटे. तथापि चेंडू आपल्याजवळ किती वेळ ठेवावा यापेक्षा तो योग्य क्षणी सोबत्याकडे कसा द्यावा, हे तो अधिक चांगले जाणत होता.

१९२६ साली सैन्याचा हॉकी संघ न्यूझीलंडला गेला. तेथील २१ सामन्यांपैकी १८ सामने या संघाने जिंकले आणि केवळ एक गमावला. या दौऱ्याने ध्यानचंदांचे नाव सर्वतोमुखी झाले.

दोन वर्षांनी भारताचा हॉकी संघ प्रथमच ऑलिंपिक स्पर्धेस निघाला. जाण्यापूर्वी मुंबईच्या संघाने त्याला एका सामन्यात हरविले होते. मुंबई बंदरातून जहाज सुटले तेव्हा निरोप द्यावयास अवघी तीन माणसे आली होती! ॲम्स्टरडॅम येथे मात्र या संघाने पाच सामन्यांत २९ गोल केले आणि स्वतःवर एकही गोल होऊ दिला नाही. त्यांतील १४ गोल एकट्या ध्यानचंदांचे होते. सुवर्णपदक घेऊन संघ परतला, तेव्हा त्याच मुंबई बंदरावर स्वागतासाठी लोकांची रीघ लागली. १९३२ साली लॉस एंजेलिस येथे भारताने पुन्हा सुवर्णपदक मिळविले. त्या संघात ध्यानचंदांसमवेत त्यांचे धाकटे बंधू रूपसिंगही होते. अमेरिकेविरुद्धच्या सामन्यात भारताने २४ गोल केले. त्यांपैकी १८ या दोघा भावांचे होते.

१९३६ ची स्पर्धा बर्लिन येथे भरणार होती. एवढी कीर्ती मिळूनही ध्यानचंद सैन्यात अद्याप खालच्याच हुद्द्यावर होते. अल्प शिक्षण व लहान हुद्दा यांमुळे आपणास कर्णधारपद मिळणार नाही, अशी शंका त्यांच्या मनास चाटून जाई. परंतु निवड त्यांचीच झाली. मान मिळाला आणि त्याबरोबर मोठी जबाबदारीही आली.

दीर्घ प्रवासानंतर संघ बर्लिनला पोहोचला आणि १७ जुलै रोजी जर्मनीशी सरावाचा सामना खेळला. त्यात जर्मनीने भारताला ४-१ असे हरविले. आठ वर्षे अजिंक्य मानला गेलेला संघ, आणि त्याची ही अवस्था! त्या रात्री कर्णधाराचा डोळ्यास डोळा लागला नाही. परंतु त्याने कोणास दोष दिला नाही की हातपाय गाळले नाहीत. आघाडीच्या फळीतील एक जागा दुबळी आहे, हे सर्वांच्या ध्यानी आले. तेव्हा भारतात तार पाठवून दारा या कसलेल्या खेळाडूस तातडीने बोलावून घेण्यात आले. इतर खेळाडू नेटाने सराव करू लागले.

स्पर्धा सुरू झाली. हंगेरी, अमेरिका आणि जपान यांना भारताने एकही गोल करू दिला नाही. उपांत्य सामन्यापूर्वी दारा विमानाने येऊन पोहोचले आणि फ्रान्सवर भारताने १० गोल चढविले. आता अंतिम सामन्यात पुन्हा जर्मनीशीच गाठ होती! तो पावसामुळे एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्ट रोजी खेळला गेला. जुन्या पराभवाची सल सर्वांच्याच मनात होती. देश त्या वेळी परतंत्र होता. सामन्यापूर्वी संघाची व्यवस्था पाहणाऱ्या पंकज गुप्ता यांनी आपल्या सामानातून काँग्रेसचा तिरंगा बाहेर काढला. खेळाडूंनी त्यास वंदन केले आणि ते मैदानात उतरले.

मैदान ओलसर होते. मध्यंतरापर्यंत भारताचा केवळ एक गोल झाला होता. पाय घसरू लागल्याचे पाहून ध्यानचंदांनी खिळ्यांचे बूट काढून ठेवले. त्यानंतर त्यांच्या खेळास असा वेग आला की, जर्मन बचावफळीची दाणादाण उडाली. चेंडू या काठीवरून त्या काठीवर विजेसारखा फिरू लागला. भारताने ८-१ असा विजय मिळविला. संपूर्ण स्पर्धेत भारतावर झालेला हा एकच गोल होय. पुढे अकरा वर्षांनी, त्याच १५ ऑगस्टला, भारत स्वतंत्र झाला.

दुसऱ्या महायुद्धामुळे १९४० व १९४४ च्या ऑलिंपिक स्पर्धा झाल्या नाहीत, आणि ध्यानचंदांच्या उमेदीची वर्षे तशीच निघून गेली. १९५६ साली ते मेजर या हुद्द्यावरून निवृत्त झाले. शिपाई म्हणून आलेला तरुण स्वकर्तृत्वाने अधिकारी झाला होता. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ हा किताब दिला. पुढे पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेत त्यांनी तरुण खेळाडूंना शिकविले. त्यांचे पुत्र अशोककुमार हेही नामवंत हॉकीपटू झाले. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यांनी निर्णायक गोल केला.

३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्ली येथे ध्यानचंदांचे निधन झाले. झाशीतील ज्या मैदानावर ते खेळत असत, तेथेच त्यांना अखेरचा निरोप देण्यात आला. त्यांचा जन्मदिवस देशात राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. तीन सुवर्णपदके मिळविणाऱ्या या खेळाडूने १९५२ साली ‘गोल’ हे आत्मचरित्र लिहिले. त्याच्या आरंभीच आपण एक सामान्य मनुष्य आहोत, असे त्यांनी वाचकांस सांगितले आहे. मैदानावर त्यांनी चेंडू जसा सोबत्यांच्या हवाली केला, तसेच विजयाचे श्रेयही त्यांनी कधी एकट्याजवळ ठेवले नाही.