एका डॉलरचे पेटंट

फ्रेडरिक बँटिंग यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडातील एका शेतकरी कुटुंबात झाला. १९२१ मध्ये टोरांटो विद्यापीठात चार्ल्स बेस्ट यांच्यासह त्यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्सुलिनचा अर्क काढला. जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. जानेवारी १९२२ मध्ये त्याच अर्काने १४ वर्षांच्या एका मधुमेही मुलाची रक्तातील साखर खाली आली. तोवर अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते.

पेटंट म्हणजे ठरावीक वर्षांपुरती शोधावरची मालकी. डॉक्टराने औषधावर अशी मालकी सांगू नये, म्हणून बँटिंग सुरुवातीला अर्जावर नाव घालायला तयार नव्हते. पण पेटंट घेतलेच नाही, तर दुसरा कोणी ते मिळवून इतरांची वाट अडवण्याचा धोका होता. अखेर १९२३ मध्ये तिघांनी आपले हक्क प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाकडे सोपवले. विद्यापीठाने उत्पादनाचे परवाने दिले आणि औषधाच्या दर्जावरही लक्ष ठेवले.

त्याच वर्षी बँटिंग यांना नोबेल मिळाले. रकमेतला निम्मा वाटा त्यांनी बेस्ट यांना दिला. १९४१ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. पुढे इन्सुलिनच्या नव्या प्रकारांवर कंपन्यांनी पेटंटे घेतली आणि अमेरिकेत अनेक रुग्णांना डोस पुरवून वापरण्याची वेळ आली. बँटिंग यांचा जन्मदिवस आज जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळला जातो.