सलीम अली : वही आणि पत्रांचा माणूस

पक्षितज्ज्ञ म्हणून डॉ. सलीम अलींचं नाव आपण सगळेच घेतो. पण त्यांचं सारं काम वहीतल्या नोंदी आणि पत्रांवर उभं राहिलं, हे आपण मुलांना सांगतच नाही.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्म. आई-वडील लहानपणीच गेले. मामा अमीरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. विद्यापीठाची पदवी नसल्यानं प्राणिशास्त्र सर्वेक्षणात नोकरी मिळाली नाही. बर्लिनला जाऊन एर्विन स्ट्रेसेमान यांच्याकडे शिकून आले, तर इथं काम नव्हतं. मग पत्नी तहमीना यांच्यासोबत अलिबागजवळच्या किहीमला राहिले. तिथं सुगरणीची घरटी बघत बसायचे आणि दिसेल ते टिपून ठेवायचे. एक नर अनेक घरटी विणून अनेक माद्यांशी संसार मांडतो, हे त्याच नोंदींतून पुढं आलं आणि जाणकारांत त्यांचं नाव झालं.

ह्यू व्हिस्लर या नामांकित इंग्रज अभ्यासकाची चूक त्यांनी लिहून दाखवली. व्हिस्लर आधी चिडले. मग आपले नमुने पुन्हा तपासून त्यांनी चूक मान्य केली आणि दोघांची पक्की दोस्ती झाली. स्वातंत्र्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी पैशाअभावी अडचणीत आली, तेव्हा मदतीसाठी सलीम अलींनी थेट पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहिलं. डिलन रिप्ले यांच्यासोबत त्यांनी पक्ष्यांवरचा दहा खंडांचा ग्रंथ पूर्ण केला.

२० जून १९८७ रोजी त्यांचं निधन झालं.

मार्क कमी पडले म्हणून आपली मुलं खचतात. त्यांना ही हकीकत जरूर सांगू या, आणि सोबत एक कोरी वहीही देऊ या.