ब्लॅकबर्नचे जॅक वॉकर

गोव्यातल्या वाचकाला फुटबॉल क्लबाचा मालक म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. धेंपो, साळगावकर ही नावे आपण आधी उद्योगातली म्हणून ऐकली की मैदानावरची म्हणून, हे आता आठवतही नाही. २००७ ते २०१३ अशी सलग सात वर्षे देशाचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही, आणि त्यामागे खेळाडूंच्या घामाबरोबर मालकांचा पैसाही होता. अशा मालकांपैकी ज्याची आठवण गावाने सर्वांत जपली, असा एक माणूस इंग्लंडात होऊन गेला. त्याचे नाव जॅक वॉकर. त्यांना जाऊन पंचवीस वर्षे झाली, तरी ब्लॅकबर्नच्या लोकांच्या बोलण्यात ते आजही ‘अंकल जॅक’ आहेत.

ब्लॅकबर्न हे लँकेशायर परगण्यातले गिरण्यांचे गाव. आपल्याकडे एकेकाळी जे विलायती कापड येई, त्याचा मोठा भाग याच टापूतून येत असे. हिंदुस्थानच्या बाजारासाठी लागणारी धोतरे खास ब्लॅकबर्नच्या मागांवर विणली जात. स्वदेशीची चळवळ, महायुद्धे आणि जगभर उभ्या राहिलेल्या नव्या गिरण्या यांमुळे हा धंदा बसला. १९३१ मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नच्या शेजारच्या डार्वेन गावी मुद्दाम गेले आणि गिरणी कामगारांना भेटले. तेव्हा जॅक वॉकर दोन वर्षांचे होते. त्यांचा जन्म १९ मे १९२९ चा. म्हणजे ज्या गावात ते वाढले, ते उतरणीला लागलेले गाव होते. त्यांचे पुढचे वागणे समजायला ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

घरची परिस्थिती साधीच. शाळा लवकर सुटली आणि ते पत्र्याच्या कामाला लागले. वडील चार्ल्स यांनी १९४५ मध्ये अवघ्या ८० पौंडांच्या भांडवलावर पत्रेकामाचा छोटा धंदा काढला होता. १९५१ मध्ये वडील वारले आणि धंदा जॅक व त्यांचे बंधू फ्रेड यांच्यावर आला. दोघा भावांनी हळूहळू पत्रे वाकवण्याच्या कामावरून पोलाद साठवून विकण्याच्या कामाकडे मोर्चा वळवला. मोठे कारखाने पोलाद मोठ्या मापात विकतात, लहान गिऱ्हाइकाला मात्र हवे तेवढे, हव्या त्या आकारात आणि लगेच लागते. बांधकामाशी ज्यांचा संबंध आहे त्यांना हे पटेल की, काम अडते ते बहुधा माल वेळेवर न आल्याने. वॉकर बंधूंनी ती अडचण ओळखली. त्यांची वॉकरस्टील ही कंपनी ब्रिटनमधली सर्वांत मोठी पोलाद साठेदार झाली. पुढे १९९० च्या सुमारास ब्रिटिश स्टीलने ती सुमारे ३३ कोटी पौंडांना विकत घेतली. ८० पौंडांपासून ३३ कोटींपर्यंतचा हा प्रवास एका पिढीतला.

वॉकर १९७४ पासून जर्सी बेटावर राहत होते. तिथे कर कमी. त्यांनी एक विमान कंपनीही घेतली, जी पुढे फ्लायबी या नावाने ओळखली गेली. इतका पैसा हाती आलेला माणूस साठीनंतर काय करील? बेटावर निवांत बसेल, असेच कोणीही म्हणेल. वॉकर मात्र गावाकडे वळले.

गावच्या क्लबाचे नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स. स्थापना १८७५ ची. १८८८ मध्ये इंग्लंडची पहिली फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या बारा संस्थापक क्लबांपैकी हा एक. लीगचे विजेतेपद १९१२ आणि १९१४ मध्ये मिळालेले, एफए कप सहा वेळा, पण शेवटचा १९२८ मध्ये. १९६६ मध्ये क्लब वरच्या श्रेणीतून घसरला आणि नंतर पंचवीस वर्षे वर चढलाच नाही. वॉकर लहानपणापासून याच क्लबाचे चाहते. मैदानाच्या नदीकडच्या बाजूचा स्टँड १९८० च्या दशकात नव्याने बांधायचा होता, तेव्हा त्यांच्याच कंपनीने पोलाद दिले. मालक होण्याच्या आधीची ही देणगी.

जानेवारी १९९१ मध्ये त्यांनी क्लब ताब्यात घेतला. तेव्हा रोव्हर्स दुसऱ्या श्रेणीत तळाशी धडपडत होते आणि जेमतेम घसरगुंडीतून वाचले. अध्यक्षपदाची खुर्ची वॉकर यांनी स्वतःकडे घेतली नाही. त्यांना योग्य माणूस हवा होता, आणि तो त्यांनी ऑक्टोबर १९९१ मध्ये मिळवला. केनी डॅल्ग्लिश हे लिव्हरपूलचे नामांकित खेळाडू आणि व्यवस्थापक. १९८९ च्या हिल्सबरो दुर्घटनेत लिव्हरपूलचे चाहते चेंगरून मेले, त्यानंतर डॅल्ग्लिश एकामागून एक अंत्यसंस्कारांना जात राहिले. त्या ताणाने अखेर १९९१ च्या फेब्रुवारीत त्यांनी लिव्हरपूल सोडले. असा माणूस दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबात येईल यावर कोणाचा विश्वास बसला नसता. पण तो आला, आणि आठ महिन्यांत क्लब वर गेला. १९९२ च्या मे महिन्यात वेंब्लीवर लेस्टर सिटीविरुद्ध माइक न्यूएलच्या पेनल्टीने १-० असा विजय मिळाला आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या प्रीमियर लीगमध्ये ब्लॅकबर्नचे नाव लागले.

मग थैली सुटली. साउथॅम्प्टनचा तरुण ॲलन शियरर त्या वेळच्या ब्रिटिश विक्रमी किमतीला आला. १९९४ मध्ये ५० लाख पौंड मोजून ख्रिस सटन आला. मधल्या फळीत टिम शेरवुड, बचावात कॉलिन हेंड्री, गोलात टिम फ्लॉवर्स. झिनेदिन झिदानला घेण्याचा विषय निघाला तेव्हा आपल्याकडे शेरवुड असताना त्याची गरज काय, असे वॉकर म्हणाले, हा किस्सा चाहते अजून हसत हसत सांगतात. खरा असो वा रचलेला, त्यातून माणूस कळतो.

खेळाडूंच्या किमतीची चर्चा जगाने केली. विटा-पोलादाची फारशी कोणी केली नाही. हिल्सबरोनंतर वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर सर्वांना बसायला जागा हवी असा नियम आला. जुन्या इवुड पार्कवर लोक उभे राहून सामना पाहत. वॉकर यांनी मैदानाच्या तीन बाजू पाडून नव्याने बांधल्या. त्यासाठी शेजारच्या गल्लीतली घरे घेऊन पाडावी लागली. सुमारे ३१ हजार लोक बसतील असे मैदान लाखभर वस्तीच्या गावात उभे राहिले. ब्रॉकहॉल येथे मुलांसाठी प्रशिक्षण केंद्र झाले. सामना जिंकला की हरला हे वर्षभरात विसरले जाते, पण बसायची खुर्ची आणि मुलांचे सरावाचे मैदान राहते. पोलादाच्या धंद्यात हात काळे केलेल्या माणसाला हे सांगावे लागले नसेल.

१९९३-९४ मध्ये रोव्हर्स दुसरे आले. पुढच्या हंगामात शियररने लीगमध्ये ३४ गोल केले. १४ मे १९९५ हा शेवटचा दिवस. सामना लिव्हरपूलमध्ये, म्हणजे डॅल्ग्लिश यांच्या जुन्या घरी. शियररने गोल केला, लिव्हरपूलने बरोबरी साधली आणि अगदी अखेरच्या क्षणी दुसराही गोल चढवला. ब्लॅकबर्न हरले. पण तिकडे लंडनमध्ये वेस्ट हॅमने मँचेस्टर युनायटेडला १-१ वर रोखले होते. ८९ विरुद्ध ८८, एका गुणाने विजेतेपद ब्लॅकबर्नचे झाले. तब्बल ८१ वर्षांनी. मैदानावर उतरलेल्या वॉकर यांना रडू आवरले नाही.

विजेतेपद पैशाने विकत घेतले, अशी टीका तेव्हाही झाली. ती सर्वस्वी खोटी नाही. वॉकर यांनी क्लबात सुमारे १० कोटी पौंड ओतल्याचे सांगितले जाते, आणि एवढी थैली नसती तर हे घडले नसते. पण त्याच हंगामात मँचेस्टर युनायटेडनेही विक्रमी ७० लाख पौंडांना अँडी कोलला घेतले होते. फरक इतकाच की युनायटेडकडे जगभरचा चाहता होता आणि ब्लॅकबर्नकडे एक जॅक वॉकर. याच फरकात क्लबाचे दुबळेपणही होते.

ते लवकरच दिसले. विजेतेपदानंतर डॅल्ग्लिश यांनी संघाची रोजची जबाबदारी सोडली. युरोपच्या स्पर्धेत ब्लॅकबर्न गटात तळाला राहिले. १९९६ मध्ये शियरर १.५ कोटी पौंडांच्या जागतिक विक्रमी किमतीला न्यूकॅसलला गेला. १९९९ मध्ये क्लब पुन्हा खालच्या श्रेणीत घसरला. जेत्यापासून घसरणीपर्यंत अवघी चार वर्षे. वॉकर यांनी तरीही हात आखडता घेतला नाही. क्लब परत वर गेलेला मात्र त्यांना पाहता आला नाही. १७ ऑगस्ट २००० रोजी कर्करोगाने त्यांचे निधन झाले. वय ७१. पुढच्याच वर्षी रोव्हर्स वर आले आणि २००२ मध्ये टॉटनहॅमला हरवून लीग कप जिंकले.

वॉकर यांनी ठेवलेल्या विश्वस्त निधीने काही वर्षे क्लब चालवला. पुढे विश्वस्तांनी गिऱ्हाईक शोधायला सुरुवात केली, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये २.३ कोटी पौंडांना क्लब घेतला तो पुण्याच्या वेंकीजने. कोंबड्यांच्या धंद्यातल्या या नावामुळे ब्लॅकबर्नच्या गल्लीबोळात पुणे माहीत झाले, पण कौतुकाने नव्हे. महिनाभरातच व्यवस्थापक बदलला, २०१२ मध्ये क्लब प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या निर्णायक सामन्यात चाहत्यांनी मैदानावर चक्क एक कोंबडी सोडली. २०१७ मध्ये आणखी एक पायरी खाली, आणि वर्षभरात परत वर. न्यायाने बोलायचे तर याही मालकांनी वर्षानुवर्षे पैसा घातला आहे आणि क्लब बंद पडू दिलेला नाही. तरी चाहत्यांच्या मनात तुलना सुटत नाही. एका बाजूला दुसऱ्या खंडातून चालणारा कारभार, दुसऱ्या बाजूला त्याच स्टँडवर लहानाचा मोठा झालेला पत्रेवाला.

ही तुलना नव्या मालकांवर थोडी अन्यायाची आहे, आणि वॉकर यांना थोडी जास्त उंच नेणारी. घसरण त्यांच्याही काळात झाली होती, हे चाहते सोयीने विसरतात. पण लोक मालकाचा हिशेब केवळ आकड्यांत करत नाहीत. हा माणूस आपला होता का, क्लब हरला तेव्हा त्यालाही वाईट वाटले का, हे ते पाहतात. इवुड पार्कबाहेर वॉकर यांचा पुतळा आहे आणि एका स्टँडला त्यांचे नाव आहे. तिथे ते मालक म्हणून कमी आणि क्लबाचा सर्वांत मोठा चाहता म्हणून अधिक ओळखले जातात.

आपल्या गोव्यात २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिन्ही क्लबांनी देशाच्या लीगमधून अंग काढून घेतले, तेव्हा मडगावच्या फातोर्डा मैदानाची सवय झालेल्यांना काय वाटले असेल ते सांगायला नको. कारण वेगळे होते, हुरहूर तीच. एका घराच्या पाठबळावर उभे राहिलेले वैभव त्या घराच्या निर्णयासरशी बदलते. आपल्या मंडळांनाही हे नवीन नाही. एखादा दाता भरभरून देतो, मूर्ती मोठी होते, आरास झळकते, आणि तो दाता गेल्यावर पुन्हा घरोघर वर्गणीचे पुस्तक घेऊन फिरावे लागते. दात्याचे ऋण विसरू नये, पण पुस्तक फिरते ठेवावे. वॉकर यांचे दान ज्या विटांत, खुर्च्यांत आणि मुलांच्या मैदानात गेले, ते आजही ब्लॅकबर्नच्या उपयोगी पडते आहे.