आहे ते का आहे? : इब्न सीनांचा शोध

सांगलीच्या घाटावर उभे राहून क्षणभर कृष्णेकडे पाहा. हे पाणी कराडहून आले, कराडला वाईकडून, वाईला महाबळेश्वरच्या डोंगरातून, डोंगरावर ढगांतून आणि ढगांत समुद्रातून. प्रत्येकाने ते दुसऱ्याकडून घेतले. वर्तुळ पूर्ण झाले. पण मुळात पाणी आहेच का, याचे उत्तर त्या वर्तुळात मिळत नाही. घरातले लेकरू एखाद्या रात्री विचारते, काहीच नसते तर? त्याला दटावू नका. याच प्रश्नाने एका थोर मुस्लिम विद्वानाची झोप उडवली होती.

अबू अली इब्न सीना यांचा जन्म इ.स. ९८० च्या सुमारास बुखाऱ्याजवळील अफशना गावी झाला. दहाव्या वर्षी कुरआन मुखोद्गत झाले. सोळाव्या वर्षी ते रुग्णांवर उपचार करू लागले. यूनानी हकीम आजही त्यांच्या ‘अल्-कानून’ या ग्रंथाला मान देतात. एखाद्या प्रश्नापाशी बुद्धी अडली की ते मशिदीत जात, नमाज अदा करीत आणि उकल होण्यासाठी अल्लाहजवळ याचना करीत.

अस्तित्वाविषयीचा अरस्तूचा ग्रंथ त्यांनी चाळीस वेळा वाचला. तो पाठ झाला, पण उमगला नाही. ते निराश झाले. एके दिवशी असरच्या वेळी बाजारात एका विक्रेत्याने फाराबींचे छोटेसे पुस्तक अवघ्या तीन दिरहमांना त्यांच्या गळ्यात मारले. ते वाचताच गाठ सुटली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गोरगरिबांना भरपूर दानधर्म करून अल्लाहचे आभार मानले.

पुढे त्यांनी मांडलेला विचार असा : आपण, झाड, डोंगर, तारे, यांपैकी काहीही नसते तरी चालले असते. ज्याचे असणे असे उसने आहे, त्याला ते कोणीतरी दिलेले असते. उसने घेणाऱ्यांची रांग कितीही लांबवली, तरी देणारा त्या रांगेत सापडत नाही. म्हणून ज्याचे अस्तित्व स्वतःचे आहे, कोणाकडून घेतलेले नाही, असा एकच असला पाहिजे. त्यालाच ते ‘वाजिबुल वुजूद’ म्हणतात.

त्यांची सगळी मते उलेमांनी स्वीकारली नाहीत. विश्व अनादी आहे, या मताचे इमाम गझाली (रह.) यांनी कठोर खंडन केले, आणि ते योग्यच होते. मात्र अस्तित्वाविषयीची ही मांडणी पुढे इल्मे कलामच्या ग्रंथांतही रुजली.

इब्न सीनांनी हमदानमध्ये वजीरपद भोगले, फरदजानच्या किल्ल्यात कैदही सोसली. तेथेही लेखणी थांबली नाही. अखेरच्या आजारात त्यांनी संपत्ती दान केली, गुलामांना मुक्त केले आणि दर तीन दिवसांनी कुरआनचे एक पठण पूर्ण करू लागले. इ.स. १०३७ च्या रमजानमध्ये हमदान येथे ते अल्लाहला प्यारे झाले.

सूरह तूरमध्ये माणसाच्या निर्मितीचा प्रश्न खुद्द अल्लाहनेच उपस्थित केला आहे. मग आपल्या लेकराने तो विचारला, तर भ्यायचे कशाला? त्याला जवळ घ्या, कृष्णेकाठी न्या, आणि तुम्हीही त्याच्यासोबत विचार करा. आपले असणे दिलेले आहे, हे ज्याला कळले, त्याच्या सजद्यात शुक्र आपोआप उतरतो.