कै. दादासाहेब मावळंकर

कै. गणेश वासुदेव तथा दादासाहेब मावळंकर यांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मावळंगे गावचे. जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. वकिलीनिमित्त ते अहमदाबादेस स्थायिक झाले, १९१९ साली तेथील नगरपालिकेवर निवडून आले व पुढे तिचे अध्यक्षही झाले. लोकसभेचे हे पहिले अध्यक्ष सभाशास्त्र शिकले ते असे पाणी व गटारांच्या चर्चेत! आमच्या धाराशिवच्या नगरसेवकांनी हे अवश्य ध्यानी घ्यावे. १९३७ साली ते मुंबई विधानसभेचे अध्यक्ष झाले. १९४६ साली मध्यवर्ती कायदेमंडळाचे अध्यक्षपद त्यांना ६६ विरुद्ध ६३ अशा निसटत्या मतांनी लाभले; १९५२ साली लोकसभेचे.

खरी कसोटी पुढेच होती. डिसेंबर १९५४ मध्ये, अध्यक्ष निःपक्षपाती नाहीत म्हणून त्यांना दूर करावे, असा ठराव विरोधकांनी आणला. ज्याच्यावर आक्षेप, त्यानेच न्यायासनी बसू नये, हा सभेचा दंडक. घटनेतही तो आहे. त्या दिवशी दादासाहेब आसनावर नव्हते. उपाध्यक्ष अनंतशयनम् अय्यंगार यांनी कामकाज चालविले, विरोधकांची बाजू ऐकली गेली आणि मगच ठराव फेटाळला गेला. २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अध्यक्षपदी असतानाच दादासाहेब निवर्तले. त्यांच्या जागी अय्यंगारच निवडले गेले.