पोटमाळ्यावरील सेनापति : रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन

दिवाळीची सुटी लागली कीं, आपल्याकडील मुलें अंगणांत माती कालवून किल्ला रचतात, त्यावर हळीव पेरून हिरवळ आणतात आणि बुरुजाबुरुजावर मावळे उभे करितात. घरांतील वडील मंडळी हा उद्योग कौतुकानें पाहते. परंतु स्वतः चिखलांत हात घालून मुलांच्या बरोबरीनें त्या लढाईंत उतरणारा वडील मनुष्य विरळा. अशाच एका पुरुषाचें चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों. ‘ट्रेझर आयलंड’ या कादंबरीचा कर्ता म्हणून स्टीव्हन्सनचें नांव बहुतेकांनीं ऐकलें असेल. तो शिशाच्या शिपायांची मोहीम कशी मांडीत असे, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असेल. आणि आमच्या मतें त्याचा खरा स्वभाव त्या खेळांतच दिसून येतो.

स्टीव्हन्सनचा जन्म ता. १३ नोव्हेंबर १८५० रोजीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं झाला. त्याचे आजोबा व वडील हे दीपगृहें बांधणारे नामांकित इंजिनिअर होते. मुलगा मात्र लहानपणापासूनच छातीच्या विकारानें पीडलेला. हिवाळ्यांतील कित्येक दिवस त्यास अंथरुणावरच काढावे लागत. पांघरुणाच्या घड्या हेच मग त्याचे डोंगर, आणि त्यांवरून कूच करणारे शिशाचे शिपाई हेच त्याचे सोबती. १८८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या बालगीतांच्या पुस्तकांत त्यानें या आठवणीवर एक कविताही लिहिली आहे. पुढें वडिलांच्या इच्छेप्रमाणें तो इंजिनिअरिंग शिकूं लागला. तें सोडून कायद्याकडे वळला व १८७५ सालीं वकील झाला. परंतु मन रमलें तें लेखनांतच.

१८७६ सालीं फ्रान्समध्यें फॅनी ऑसबोर्न या अमेरिकन बाईशीं त्याची ओळख झाली. तिच्यासाठीं तो १८७९ सालीं आजारी असतांही अटलांटिक महासागर ओलांडून गेला, आणि मे १८८० मध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथें उभयतांचा विवाह झाला. फॅनीला पूर्वीच्या विवाहापासून झालेला लॉइड नांवाचा मुलगा त्या वेळीं बारा वर्षांचा होता. सावत्र बाप आणि कळत्या वयाचा मुलगा यांचें नातें किती अवघड असतें, हें सांगावयास नकोच. आदर हुकुमानें मिळवितां येतो, प्रेम तसें मिळवितां येत नाहीं. स्टीव्हन्सननें बापपणाचा अधिकार गाजविला नाहीं. तो त्या मुलाचा सवंगडी झाला. १८८१ च्या उन्हाळ्यांत ब्रेमार गांवीं पावसामुळें घरांत अडकून पडले असतां, दोघांच्या रंगकामांतून एका कल्पित बेटाचा नकाशा तयार झाला, आणि त्या नकाशांतूनच ‘ट्रेझर आयलंड’ जन्मास आली.

त्याच वर्षाच्या हिवाळ्यांत प्रकृतीकरितां हें कुटुंब दुसऱ्यांदा स्वित्झर्लंडमधील दावोस येथें जाऊन राहिलें. उंच डोंगरांतली कोरडी, थंड हवा छातीच्या रोग्यांस मानवते, अशी तेव्हां डॉक्टरांची समजूत होती. बाहेर सर्वत्र बर्फ. घरांत आजारी माणूस आणि तेरा वर्षांचा मुलगा. त्या घराला एक पोटमाळा होता. मोडकळीस आलेल्या शिडीनें वर चढावयाचें; खिडकी एकच; छप्पर इतकें उतरतें कीं, क्वचितच ताठ उभें राहतां येई. हीच या दोघांची रणभूमि.

प्रथम त्यांनीं जमिनीवर निरनिराळ्या रंगांच्या खडूंनीं देशाचा नकाशा काढला. त्यांत पर्वत, नद्या, शहरें, पूल आणि कच्चे व पक्के असे दोन प्रतींचे रस्ते होते. देश कल्पित, नांवेंही कल्पित; परंतु नियम मात्र खऱ्या युद्धाचे. चार शिपायांची एक पलटण. पाऊस पडला कीं रस्ते खराब होऊन सैन्याची चाल मंदावे. तोफा पायदळापेक्षां हळू चालत आणि त्यांचा खर्चही अधिक. लॉइडजवळ एक लहानसें छापयंत्र होतें. त्याचे खिळे हाच दारूगोळा. एका गाडीवर वीस खिळे लादावयाचे आणि दर नेमास एक खिळा मागील ठाण्यावर भरावयाचा. नवा दारूगोळा हवा असेल तर रिकाम्या गाड्या पुन्हां तेथवर न्यावयाच्या. तीस तीस पलटणींचें सैन्य पोसावयाचें, तर रसदेची वाट सुरक्षित राखणें हेंच सेनापतीचें मुख्य काम होऊन बसे. घोडेस्वारांच्या एका धाडसी तुकडीनें ती वाट तोडली, तर विजयाच्या दारांतून अख्ख्या फौजेला माघार घ्यावी लागे.

थंडीनें बोटें बधिर होत, गुडघे आंखडून जात. तरीही हा आजारी ग्रंथकार त्या अंधाऱ्या जागीं तासन् तास सरपटत असे. मोहिमेच्या बातम्या देण्यासाठीं त्यानें ‘ग्लेन्डॅरूल टाइम्स’, ‘यालोबॅली रेकॉर्ड’ अशीं कल्पित वृत्तपत्रें काढलीं, आणि त्यांतून दोन्ही बाजूंच्या सेनापतींवर यथेच्छ टीका केली. अशा रीतीनें खडूच्या चार रेषांतून एक सबंध देश उभा राहिला.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणास मित्रांसह अशी मोहीम आरंभावयाची असेल, तर या पोटमाळ्यावरून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, शिपाई थोडे असले तरी चालतील, परंतु नकाशा दोघांनीं मिळून काढावा. दुसरी, पहिला नेम मारण्यापूर्वीं नियम ठरवावे, आणि ते बापालेकांस सारखेच लागू असावे. तिसरी, झाल्या गोष्टीची नोंद ठेवावी. म्हणजे पराभवही गोष्टीरूपानें हातीं राहतो. शिडी चढून वर गेल्यावर वय, नातें, आजार हें सर्व खालीं राहिलें, म्हणूनच तो मुलगा त्याचा जन्माचा मित्र झाला. पुढें दोघांनीं मिळून तीन कादंबऱ्या लिहिल्या. आणि या खेळाची हकीकतही स्टीव्हन्सनच्या मृत्यूनंतर, १८९८ सालीं, लॉइडनेंच प्रसिद्ध केली.

१८९० सालीं स्टीव्हन्सन पॅसिफिक महासागरांतील सामोआ बेटावर स्थायिक झाला. तेथें त्यास खरें युद्ध पहावें लागलें. इंग्लंड, जर्मनी व अमेरिका या राष्ट्रांच्या चढाओढींत बेटावरील लोकांत फूट पडली, आणि १८९३ सालीं लढाई जुंपली. खेळांतला हा सेनापति त्या वेळीं युद्धाच्या उत्साहानें हुरळून गेला नाहीं. युद्ध टळावें म्हणून त्यानें लेखणी झिजविली होती; तें टळलें नाहीं, तेव्हां पराभूत पक्षाच्या तुरुंगांत पडलेल्या सरदारांची त्यानें विचारपूस केली, त्यांस अन्न पोंचविलें. १८९४ सालीं सुटल्यावर त्या सरदारांनीं उपकाराची फेड म्हणून त्याच्या घरापर्यंत स्वतः खपून रस्ता बांधून दिला. पुढें थोड्याच आठवड्यांनीं, ता. ३ डिसेंबर १८९४ रोजीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं तो निवर्तला. बेटावरील लोकांनीं झाडी तोडून वाट केली आणि त्याचा देह वाएआ पर्वताच्या माथ्यावर नेऊन पुरला.

पुढें १९१३ सालीं एच्. जी. वेल्स या ग्रंथकारानें खेळण्यांतल्या शिपायांच्या युद्धाचें एक पुस्तक लिहिलें, आणि खऱ्या युद्धापेक्षां हें लहान युद्धच शहाणपणाचें, असा त्याच्या शेवटीं अभिप्राय दिला. दुसऱ्याच वर्षीं पहिलें महायुद्ध सुरू झालें. शिशाचा शिपाई पडला तर तो उद्यां पुन्हां उभा करितां येतो. माणसाचें तसें नाहीं. हा भेद स्टीव्हन्सनला ठाऊक होता. म्हणूनच पोटमाळ्यावर तो मनसोक्त लढला आणि सामोआंत शांततेसाठीं झटला. पुढील दिवाळींत आमच्या विद्यार्थिमित्रांनीं किल्ला रचावा, मोहीम मांडावी, आणि घरांत कोणी आजारी अगर एकटें भावंड असेल, तर पहिल्यानें त्यालाच सेनापति करावें.